बाईंचे सहा लाख हात

मुळे गुरुजींनी पदर खोचला आणि हेमलता खरमाटे बाईंच्या हातातला चहा बशीत सांडला.

आता मुळे गुरुजी म्हणजे सहा फूट उंच, झुपकेदार मिशांचा माणूस. अंगात पांढरा हाफशर्ट, पायात वहाणा. पदराचा संबंध येतोच कुठे? पण तांब्याच्या तारेचं वेटोळं करून झाल्यावर त्यांचा उजवा हात पाठीमागून काहीतरी ओढून आणल्यासारखा पुढे आला, डाव्या कमरेशी खोचून मोकळा झाला, आणि मग करंगळीच्या नखानं त्यांनी वेटोळ्यावर दोनदा टकटक केलं. कुणी हसलं नाही. हसणार कोण? पंचायत समितीच्या त्या हॉलमध्ये चाळीस शिक्षक बसले होते आणि चाळीसही जणांनी तेच केलं होतं.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या समारोपाला बाई प्रमुख पाहुण्या होत्या. शाल-श्रीफळ मांडीवर तसंच होतं. समोर जे चालू होतं ते आपलेच हात आहेत हे त्यांना पहिल्या क्षणी कळलं. पस्तीस वर्षांची पदर खोचायची सवय आणि ती करंगळीची टकटक, दोन्ही त्यांचीच.

गुरुजींनी वेटोळं दोन सेफ्टी पिनांच्या भोकांत अडकवलं, खाली सेल, सेलवर लोहचुंबक. वेटोळं गरगर फिरायला लागलं. पहिल्या झटक्यात.

"बघा की बाई!" गुरुजी लहान पोरासारखे हरखले होते. "हात आपोआप चालतोय. घरात बल्ब बदलायचा झाला तरी मंडळी मला लांब उभं करतात, आणि हितं मोटार केली!"

"छान झाली. पण गुरुजी, आधी चुकीची नाही केलीत?"

"चुकीची?" गुरुजींनी मनगटाच्या वर बांधलेला प्रशिक्षणाचा पट्टा उलटसुलट करून पाहिला, जणू त्यावर कुठे लिहिलेलं असेल. "तसलं काय न्हाई ह्यात. एकशे चाळीस प्रयोग हायेत, सगळे बरोबर."

बाईंनी शाल-श्रीफळ खुर्चीवर ठेवलं आणि त्या उठल्या.

बाईंच्या शिकवण्याची सगळी मेख त्या चुकीतच होती. माण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, आणि दर दिवाळीच्या सुट्टीत आसपासच्या शिक्षकांसाठी दहा दिवसांचं शिबिर घेत. सतरंजीवर मांडी घालून चाळीस मास्तर-मास्तरणी बसत. स्ट्रॉ, इंजेक्शनच्या सिरिंजा, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, जुन्या पंख्यातली तार असा सगळा पसारा. नियम एकच. मुलांसमोर प्रयोग पहिल्यांदा चुकलाच पाहिजे, आणि तो का चुकला हे मास्तरांनी सांगायचं नाही. मुलं विचारेपर्यंत आणि विचारून स्वतःच शोधेपर्यंत तोंडाला कुलूप.

मोटारीचंच बघा. वेटोळ्याच्या तारेवर लाखेसारखा मुलामा असतो, त्यातून वीज जात नाही. म्हणून दोन्ही टोकं खरवडायची. कुणालाही वाटेल, चांगली स्वच्छ, गोल गोल खरवडावीत. बाई तशीच खरवडत. मग वेटोळं फिरत नसे, नुसतं थरथरत बसे. कारण विजेमुळे वेटोळं चुंबक बनतं, खालचा चुंबक त्याला ढकलतो, अर्धी फेरी होते, आणि पुढच्या अर्ध्या फेरीत तोच चुंबक त्याला उलटं मागे ओढतो. यावर उपाय असा की एक टोक अर्ध्याच अंगानं खरवडायचं. म्हणजे अर्धी फेरी वीज, अर्धी फेरी नाही. विजेविना वेटोळं आपल्याच वेगात पुढे जातं. हे एका वाक्यात सांगता येतं. बाईंनी ते कधीच सांगितलं नाही. एका वर्षी सहावीच्या वर्गाला नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी रोहिणी बनगर नावाची मेंढपाळाची पोरगी उठून म्हणाली, "बाई, झोक्यावानी हाय हे. पुढं जाताना ढकलायचं, म्हागं येताना हात काढून घ्यायचा. आपण हात काढतच न्हाई म्हणून ते अडतंय." त्या दिवशी बाई घरी जाऊन रडल्या होत्या, आनंदानं. नोकरीत एवढं सुख पुन्हा लाभलं नाही.

मग करपट्टा आला.

करपट्टा म्हणजे दवाखान्यात रक्तदाब मोजायला गुंडाळतात तसला पट्टा, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये बांधायचा, दोन्ही हातांना. आतल्या बाजूला चौसष्ट धातूचे ठिपके. आपण बोट हलवतो तेव्हा दंडाखालच्या स्नायूंत विजेच्या बारीक लहरी उठतात. एखाद्या निष्णात माणसाच्या हातातल्या त्या लहरी टिपून ठेवायच्या आणि दुसऱ्याच्या हातात त्याच क्रमानं, त्याच जोरानं सोडायच्या. शिकणाऱ्याचा हात निष्णाताच्या हातासारखा चालायला लागतो. त्याच वेळी कानामागे चिकटवलेली एक टिकली डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूला हलकासा विद्युतप्रवाह देते. हालचाली लक्षात ठेवणं हे लहान मेंदूचं काम. सायकल शिकायला महिना लागतो ना, ते काम टिकलीमुळे तासाभरात होतं. तीन दिवसांनी पट्टा काढून ठेवला तरी हात शिकलेलं विसरत नाही.

प्रकल्पाचा मुख्य अभियंता निरंजन लोखंडे बाईंच्या घरी स्वतः आला होता. अतिशय सालस तरुण. ओसरीवर बसून भाकरी-पिठलं खाल्लं आणि म्हणाला, "बाई, तुमच्या शिबिरात वर्षाला चाळीस शिक्षक येतात. राज्यात तीन लाख आहेत. तुम्ही शंभर जन्म घेतलेत तरी पुरणार नाही." यात खोटं काय होतं? बाईंनी हिशोब केला, आणि हिशोबाला हरल्या. शिबिर बंद करून बावीस दिवस पुण्याला जाऊन राहिल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, पण तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

हॉलमधून बाहेर येऊन बाईंनी चिंचेखाली उभ्या उभ्या निरंजनला फोन लावला.

"निरंजन, तुम्ही माझ्या चुका का कापल्यात?"

"बाई, आम्ही काहीच कापलं नाही. तुमचा पदर खोचायचा हातसुद्धा ठेवला. टीमला म्हटलं, बाईंचा हात जसाच्या तसा जाऊ दे. तुम्ही चुकलाच नाहीत बाई. एकशे चाळीस प्रयोगांत एकदाही नाही. आठवतंय, शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या?"

बाईंना आठवलं. ती काचेची खोली, तो गार वारा, समोर तीन कॅमेरे. समोर मुलं नव्हती. एकही मूल नव्हतं. मग चुकायचं कुणासाठी? मुलं नसली की हात सरळ कामच उरकतो. बाईंनी बावीस दिवस सगळं बरोबर केलं, आणि आपण काही गाळतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"मी पुन्हा येते," त्या म्हणाल्या. "चुकांसकट पुन्हा करू."

निरंजन हळू आवाजात म्हणाला, "बाई, प्रशिक्षणाचं मूल्यमापन यशाच्या टक्केवारीवर होतं. आत्ता ती शंभर आहे. फसणारा प्रयोग मंजूर करून घ्यायला मी कुणाच्या टेबलावर जाऊ?"

त्या दिवसापासून बाईंना एकच ध्यास लागला. निवृत्तीला आठ महिने उरले होते. तीन लाख जाऊ देत, निदान एका माणसाच्या हातात ती चूक उतरली पाहिजे. आणि ते माणूस घरातच होतं.

ईश्वरी, त्यांची मुलगी, चोवीस वर्षांची. नुकतीच शिक्षिका म्हणून पिंपळमळ्याच्या शाळेत लागली होती. वर्गात एकोणचाळीस मुलं. ऑर्डर हाती पडली तेव्हा तिनं पहिला पेढा आईला भरवला. बाई म्हणाल्या, "पेढा राहू दे. दिवाळीचे दहा दिवस मला दे."

तिनं दिले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मायलेकी ओसरीवर पसारा मांडून बसल्या. ईश्वरीचे हात म्हणजे आनंदच होता. तार तुटली, ब्लेडनं बोट कापलं, सेल इतका तापला की तिनं किंचाळून फेकून दिला. बाई खूश होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदाचं वेटोळं पिनांवर बसलं आणि थरथरत राहिलं.

"का गं फिरत नाही?"

"का बरं?" बाई म्हणाल्या.

"सांग ना आई! टोकं किती स्वच्छ खरवडलीत बघ."

"बघतेय."

"दुष्ट आहेस." पण ईश्वरीचे डोळे चमकत होते. तिनं चुंबक उलटा करून पाहिला, पिना वाकवून पाहिल्या, जेवतानाही ती मधेच उठून वेटोळ्याकडे जाऊन आली. "मध्येच कुणीतरी मागे खेचतंय असं वाटतं," ती म्हणाली. बाईंनी भाताचा घास तसाच धरून ठेवला. पोरगी दारापर्यंत आली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल वाजला. करपट्टा प्रशिक्षणाची तुकडी अलीकडे आणली होती. उद्यापासून तीन दिवस. या तुकडीत प्रमाणपत्र मिळालं नाही तर नेमणूक रद्द.

"नको जाऊस," बाई म्हणाल्या.

"आई, नोकरी जाईल."

"जाऊ दे."

हे बोलल्यावर त्यांना स्वतःलाच लाज वाटली. पस्तीस वर्षं पगार घेतलेल्या बाईनं हे म्हणणं सोपं होतं.

ईश्वरी चिडली नाही, त्याचंच बाईंना जास्त लागलं. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या दहा दिवसांत मी एक मोटार शिकेन. माझ्या पोरांना एकशे चाळीस प्रयोग बघायला मिळतील. त्यांनी आजवर साधा चुंबक हातात धरलेला नाही. आणि ते हात तुझेच आहेत ना? मग माझ्या हातात यायला तुला एवढं जड का जातंय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण पोरीच्या म्हणण्यात खोट काढायची कुठे?

निघताना ईश्वरीनं थरथरत्या वेटोळ्याकडे बोट दाखवलं. "हे असंच ठेव. आणि प्लीज, आता तरी सांग. का?"

त्या वेळी बाईंनी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. पण पस्तीस वर्षांचं कुलूप तोंडाला. "परत आल्यावर शोध," त्या म्हणाल्या.

निघाल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी ईश्वरी परतली. बाई भाकऱ्या थापत होत्या. "सरक, मी करते," म्हणून ती परातीपुढे बसली. बसता बसता तिचा उजवा हात पाठीमागून पुढे आला आणि कुर्त्याच्या कमरेशी खोचून गेला. बाईंनी तवा खाली उतरवला.

"ईश्वरी, चल. मोटार करू."

ओसरीवर ते जुनं वेटोळं तसंच होतं. ईश्वरीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. नवी तार घेतली, सेलभोवती दहा फेरे, वरून खाली, एकसारखे. एक टोक पूर्ण खरवडलं, दुसरं अर्धं. टकटक. फिरलं. चार मिनिटं लागली असतील. बाई पाहत होत्या. आरशात पाहावं तसं सगळं हुबेहूब होतं.

"आता दुसरं टोकही पूर्ण खरवड."

"का?"

"मुलांसमोर आधी चुकवायचं. मी म्हणते म्हणून कर."

ईश्वरीनं ब्लेड लावलं. आधीच खरवडलेल्या अंगावरून पातं फिरलं, उरलेलं अंग वर घ्यायला ती तार वळवायला गेली आणि बोटं थांबली. तिनं पुन्हा जोर लावला. ब्लेड तारेवरून उचललं गेलं. तिनं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून पाहिलं. तरी मुलाम्याला पातं टेकेना.

"आई, हात ऐकत नाही." ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. "असं काय गं? माझाच हात आहे ना?"

बाईंनी तिला जवळ घेतलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बरं, ते जाऊ दे. हे जुनं का थरथरत होतं, ते सुचलं का तुला? मागे खेचतंय म्हणाली होतीस."

ईश्वरीनं डोळे पुसले. जुन्या वेटोळ्याकडे पाहिलं. "म्हणाले होते का? असेल. आता त्याचं काय आई, आता फिरतंय ना?"

निरंजननं संध्याकाळी फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं. तो खोटं बोलणारा नव्हता. लहान मेंदू शिकतो तो चुकीतून, तो म्हणाला. हात जिथे जायला हवा आणि प्रत्यक्षात जिथे गेला त्यातलं अंतर त्याला कळतं, आणि ते अंतर भरून काढणं म्हणजेच शिकणं. करपट्टा ते अंतर शून्यावर आणून ठेवतो. हालचाल मेंदूत खोल कोरली जाते. पुढे हात त्या कोरलेल्या रेघेबाहेर जायला लागला की लहान मेंदूच त्याला परत ओढतो. "ते तर आम्हाला हवंच होतं बाई. चुकू नये म्हणूनच तर." मग जरा थांबून तो म्हणाला, "एक गोष्ट आम्हालाही उशिरा कळली. अंतर बराच काळ शून्य राहिलं की मेंदू ते शोधणंच सोडतो. एकशे एक्केचाळिसावा, न शिकवलेला प्रयोग पट्टा बांधलेल्यांना कधी जमेल असं वाटत नाही."

"पुसता येईल?"

"नाही, बाई."

बाईंच्या आशेला आता फक्त मुलं उरली होती. मुलांच्या हाताला अजून पट्टा लागला नव्हता. निदान, दिवाळीपासून साठलेल्या रजेवर असलेल्या आणि स्वतःचा वर्ग सुटलेल्या बाईंना तसं वाटत होतं. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी लेकीच्या शाळेत एक तास मागून घेतला. ईश्वरी म्हणाली, "ये ना. पोरांना आवडेल. जानेवारीत त्यांनाही छोटे पट्टे आलेत, फार हुशार झालीत."

बाईंनी पाय मागे घेतला नाही. पर्समध्ये तार, ब्लेड, सेल, लोहचुंबक आणि दोन सेफ्टी पिना होत्या.

एकोणचाळीस मुलं ओळीत बसली होती. वर्ग लख्ख. भिंतीवर मोटारी, पंप, कागदी पक्षी, सगळे एकसारखे, सगळे चालणारे. बाई टेबलाशी उभ्या राहिल्या आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा हात मुलांसमोर आला. त्यांनी दहा फेरे गुंडाळले. मग ब्लेड घेतलं आणि दोन्ही टोकं स्वच्छ, गोल गोल, पूर्ण खरवडली. त्यांचा हात ऐकत होता. एवढ्या मोठ्या राज्यात चुकू शकणारा तो एकच हात उरला असेल. वेटोळं पिनांवर ठेवलं. ते थरथरलं.

"अरे, फिरत नाही हे," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

थांबणं त्यांना येत होतं. नऊ दिवस थांबलेल्या बाई त्या. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. कुणी पुढे झुकलं नाही. कुणी शेजारच्याला कोपर मारलं नाही. मुलं अवघडून बसली होती. घरी आलेल्या म्हाताऱ्या पाहुणीच्या हातून वाटी सांडली की बसतात ना, तशी.

शेवटी पहिल्या ओळीतली एक मुलगी उठली. दोन वेण्या, दात पडलेला.

"बाई, तुमचा पट्टा बिघडलाय का?"

"मी पट्टा घालत नाही गं."

"मग ऱ्हाऊ द्या. मी करून देते."

तिनं बाईंच्या हातातली उरलेली तार हळूच काढून घेतली. आजीच्या हातातली जड घागर घ्यावी तशी, फार मायेनं. चिमुकला हात पाठीमागून पुढे आला आणि गणवेशाच्या कमरेशी खोचून गेला. दहा फेरे. एक टोक पूर्ण, एक अर्धं. करंगळीनं टकटक. वर्गातल्या दुसऱ्या सेल-पिनांवर तिचं वेटोळं गरगर फिरायला लागलं आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. मागे उभी राहून ईश्वरीही वाजवत होती, अभिमानानं.

बाई त्या मुलीपुढे खाली वाकल्या. "छान केलंस. पण माझं का फिरत नव्हतं?"

मुलीनं बाईंच्या वेटोळ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या हाताकडे.

"तुमचा हात चुकला म्हणून."

"हो. पण काय चुकला?"

मुलीला हा प्रश्न आहे हेच कळलं नाही. ती हसली आणि जागेवर जाऊन बसली. बाई तशाच वाकून थांबल्या. कुणी विचारेल म्हणून त्या तास संपेपर्यंत थांबल्या. मग घंटा झाली, आणि मुलं हात धुवायला रांगेनं बाहेर गेली.

ईश्वरी टेबल आवरायला आली. तिनं मुलीची मोटार उचलून भिंतीवर बाकीच्यांच्या ओळीत लावली. बाईंचं वेटोळं अजून पिनांवर थरथरत होतं. तिनं ते काढलं, सवयीनं करंगळीच्या नखानं दोनदा टकटक केलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"चल आई," ती म्हणाली. "चहा टाकलाय."